क्लास : मध्यम

चिमीची आई खोटं बोलली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे प्रकरण इमारतीच्या कमिटीपर्यंत गेलं तेव्हा निदान दोन माणसांना तसा संशय आला होता, आणि त्यातलं एक माणूस ती स्वतःच होती.

तिला नाव होतं. चांगलं, शाळेच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं जाण्यासारखं नाव. पण चिमी जन्मली आणि ते नाव माळ्यावरच्या सुटकेससारखं झालं. आहे हे सगळ्यांना माहीत, पण काढायचा प्रसंगच येत नाही. दवाखान्यात 'चिमीची आई, आत या.' दूधवाला 'चिमीच्या आई, उद्या येणार नाही.' नवऱ्याच्या फोनमध्येसुद्धा ती त्याच नावाने जाऊन बसली होती. एकदा दिवे गेले म्हणून तिने वीज कंपनीला फोन लावला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "हॅलो, मी चिमीची आई बोलतेय." पलीकडच्या माणसाने अदबीने ग्राहक क्रमांक विचारला.

त्या फोननंतर आठवडाभरात ती जाहिरात तिच्या अंगठ्याखाली आली. अंगठ्याखाली अशासाठी, की चिमी मांडीवर झोपलेली असताना तिच्या सगळ्या शरीरात तेवढा एक अवयव मोकळा असायचा. जाहिरात अशी : अद्भुत राज्यातली मोहीम, घरबसल्या, ऑनलाइन. अगदी नवख्यांसाठी. काहीही येत नसलं तरी या. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. सूत्रधार गोष्ट सांगणार, आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवणार. शनिवारी दुपारी, तीन ते पाच.

खाली नियम होते. कॅमेऱ्याची सक्ती नाही. बोलायचं नसेल त्याने टाइप करावं. कोणाचं बाळ रडलं, कोणाची औषधाची वेळ झाली, तर उठून जावं, गोष्ट थांबेल. खेळ न येणाऱ्याला हसायचं नाही. आणि एखादा प्रसंग कोणाला नकोसा वाटला तर त्याने नुसतं 'पडदा' म्हणायचं. गोष्ट तिथून पुढे सरकेल. का, ते कोणी विचारणार नाही.

हा शेवटचा नियम तिने पुन्हा पुन्हा वाचला. 'का' न विचारणारी माणसं जगात असतात आणि ती शनिवारी दुपारी मोकळी असतात, ही बातमी तिला ड्रॅगनपेक्षा जास्त अद्भुत वाटली.

तिने डाव्या अंगठ्याने नाव नोंदवलं. लगेच सूत्रधाराचा मेसेज आला. ही सूत्रधार पेशाने दातांची डॉक्टर होती, हे नंतर कळलं, पण अंदाज आधीच यायला हवा होता. कारण पहिलंच वाक्य होतं, 'घाबरू नका, अजिबात दुखणार नाही.'

'पात्राचं नाव?'

इथे ती 'चिमीची आई' असं टाइप करून बसली होती. वेळीच खोडलं. इकडेतिकडे पाहिलं. समोर कपडे वाळत घालायचा स्टँड होता, त्यावर चिमीचे इवलेसे मोजे, आणि मोजे पडू नयेत म्हणून जबडा आवळून उभे राहिलेले निळे प्लास्टिकचे चिमटे. तिला एकदम त्यांच्याबद्दल आपलेपणा वाटला.

'चिमटा,' तिने लिहिलं.

'वा! नावातच पकड आहे. आणि क्लास कोणता?'

आता यात तिचं काय चुकलं, हे कोणीही सांगावं. सरळ प्रश्न, सरळ उत्तर.

'मध्यम.'

एवढंच पाठवणं तुटक वाटलं म्हणून तिने जोडलं, 'म्हणजे उच्च-मध्यम वगैरे नाही. साधाच. गाडी आहे, पण शक्यतो काढत नाही.'

पलीकडे बराच वेळ नुसते टिंब टिंब नाचत राहिले. तेवढ्यात तिने इंटरनेटवर शोधलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. या खेळात क्लास म्हणजे पात्राचा पेशा. योद्धा, जादूगार, चोर, वैद्य. त्या थोर परंपरेत तिने न काढलेल्या गाडीसह मध्यमवर्ग नेऊन उभा केला होता.

'चुकलं माझं,' तिने घाईघाईने लिहिलं. 'मी योद्धा घेते.'

'योद्धे ढिगाने मिळतात,' उत्तर आलं. 'मध्यम मला पहिल्यांदाच मिळालाय. तुम्ही आता हलायचं नाही. फोन करू का? त्याच्या शक्ती ठरवू.'

फोन झाला. डॉक्टरीणबाईंचा आवाज असा, की ऐकणाऱ्याने आपोआप तोंड उघडावं. दोघींनी मिळून मध्यमवर्गाच्या तीन शक्ती पक्क्या केल्या. पहिली, घासाघीस : समोर मनुष्य असो वा पिशाच्च, भाव करता येतो. दुसरी, पिशवीतली पिशवी : ही कधीच रिकामी नसते, निदान तिच्यात अजून एक पिशवी असते. तिसरी, 'असू दे, लागेल कधीतरी' : प्रत्येक खेळात एकदा, पूर्वी कधीतरी न टाकता जपून ठेवलेली कोणतीही फुटकळ वस्तू बाहेर काढता येते. फक्त त्यासाठी फासा चांगला पडायला हवा.

"तर मग क्लास पक्का," ती आनंदाने म्हणाली. "शनिवारी, तीन ते पाच. हो हो, नवख्यांचाच आहे, माहितीये."

फोन ठेवून वळते तो दारात सासूबाई. हातात चिमीची वाटी.

सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून झाली होती. कानाला यंत्र लावून हजारो लोकांची बोलणी जोडून दिलेली बाई. घरातला फोन त्या मुद्दाम कधीच ऐकत नसत, पण कान काही निवृत्त होत नाहीत.

"क्लास लावलास?"

"अं... हो."

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "शिकावं माणसानं. शनिवारी चिमीला मी बघते. तीन ते पाच तू तुझं दार लावून घे."

एवढं बोलून त्या वाटी विसळायला निघून गेल्यासुद्धा. चिमी जन्मल्यापासून तिच्या आईला कोणी 'दार लावून घे' म्हटलं नव्हतं. आंघोळीलासुद्धा ती दार किलकिलं ठेवत असे. आणि इथे दोन तास, आख्खे, कडीसकट तिच्या हातात आले होते. फक्त ते शिकण्यासाठी होते. खेळण्यासाठी नव्हते. 'आई, क्लास म्हणजे तसा क्लास नाही' हे वाक्य तिने जिभेवर घेतलं, घोळवलं आणि गिळलं. खेळायचं आहे म्हणून दोन तास बाळ सांभाळा, असं सांगायची तिची छाती नव्हती.

संध्याकाळी तिने नवऱ्याला खरं काय ते सांगितलं.

"मग आईला सांग ना," तो म्हणाला.

"तू सांग. तुझी आई आहे."

"सांगतो की. योग्य वेळ आली की सांगतो."

हा नवरा एका गोदामात माल वेळेवर पाठवण्याचं काम करत असे. शनिवारी अर्धाच दिवस असतो म्हणून जात असे आणि पुरा करून येत असे. त्याच्या हिशेबातली योग्य वेळ कशी असेल याची तिला कल्पना होती.

पहिल्या शनिवारी ती पलंग आणि कपाट यांच्या मधल्या फटीत जमिनीवर बसली, कारण नेट तिथेच येत होतं. इस्त्रीच्या घडीच्या टेबलाचे पाय मिटवून त्यावर लॅपटॉप. एका अंगाला धुतलेल्या कपड्यांचा डोंगर. साहसी मोहिमेला डोंगर लागतोच.

सोबती असे : एक आजोबा, गुडघ्यांच्या दुखण्याने घराबाहेर न पडणारे, त्यांनी परी घेतली होती. "दोन्ही गुडघे कामातून गेलेत," ते म्हणाले, "तेव्हा म्हटलं, पंखच घ्यावेत." एक नर्स, दिवसभर सगळ्यांशी गोड बोलून दमलेली, तिने राक्षस घेतला होता आणि तो प्रत्येक दार लाथेने उघडत असे. आणि एक जादूगार, जो कधी बोलला नाही. फक्त टाइप करायचा. का, ते कोणी विचारलं नाही.

मोहीम होती हरवलेल्या गावाकडे जाण्याची. पहिल्याच वेशीवर पहारेकरी आडवा आला. राक्षसाने पाय उचलला, तेवढ्यात चिमटा म्हणाली, "थांबा जरा. अहो दादा, सकाळपासून कोणी आलं का इकडं?"

"नाही," सूत्रधार पहारेकऱ्याच्या आवाजात म्हणाली.

"मग बोहनी आमच्यापासून करा. चौघांना मिळून एकाचा कर लावा. आणि परत याच वाटेने येणार आहोत, हेही लक्षात घ्या."

"फासा टाका," सूत्रधार म्हणाली. पडद्यावरचं बटण दाबलं की वीस बाजूंचा फासा गरगरत असे. तो गरगरला आणि थांबला.

"वीस!" चिमीची आई ओरडली. "वीस आले! वीस!"

राक्षस नाचला, आजोबांनी पंख फडफडवले, जादूगाराने नुसतंच 'बाप रे' टाइप केलं. चिमीच्या आईला कितीतरी महिन्यांनी आपल्या छातीतून काहीतरी वर उसळताना जाणवलं. त्यात दुधाचा काही संबंध नव्हता.

पाच वाजता ती दार उघडून बाहेर आली.

"किती पैकी?" सासूबाईंनी विचारलं.

"काय?"

"वीस आले म्हणालीस ना. किती पैकी?"

"...वीसपैकी."

"अगं बाई!" सासूबाईंनी चिमीला उंच उचललं. "बघितलंस? आईला पैकीच्या पैकी!"

अपराधाची भावना काय असते ते त्या संध्याकाळी चिमीच्या आईला कळलं, आणि त्या अपराधाच्या भरात तिने चिमीला पहारेकऱ्याच्या आवाजात गोष्ट सांगत जेवण भरवलं. चिमी एकही घास न थुंकता जेवली.

पुढच्या घोळाचं मूळ मात्र नवऱ्याच्या प्रेमात आहे. योग्य वेळ काही येईना, म्हणून तो मनातून ओशाळला होता. त्यावर उपाय म्हणून त्याने तिच्यासाठी खऱ्या फाशांची डबी मागवली. ती नेमकी पोचली तेव्हा घरात सगळे झोपलेले, घंटा बंद. पार्सल गेलं खाली, सेक्रेटरी काकांकडे.

सेक्रेटरी काका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून झाली नव्हती. पत्रपेट्यांच्या खाली खुर्ची टाकून ते बसत आणि इमारतीत शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूची नजरेने आवक नोंदवत. चिमीची आई पार्सल घ्यायला गेली तेव्हा त्यांनी ते कानाशी धरून हलवून पाहिलं.

"खुळखुळतंय," ते म्हणाले.

"हो काका."

"खुळखुळण्यासारखं काय आहे?"

सासूबाई मागे जिन्यातच चिमीला घेऊन उभ्या. चिमीची आई म्हणाली, "क्लासचं साहित्य आहे."

"असं. गणिताचा क्लास?"

"त्यात... आकडे असतात," ती म्हणाली. हेही शंभर टक्के खरं होतं.

काकांनी मान डोलावली. ती मान तिने तेव्हाच ओळखायला हवी होती. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई तिला जिन्यात गाठून म्हणाली, "चिमीच्या आई, आमच्या ताईला घ्याल का हो क्लासला? अपूर्णांकात फार रडते." तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारलं, की बारावीचंही घेता का. चौथ्या दिवशी पाण्याच्या टाकीवाल्याने अभिनंदन केलं. चिमीच्या आईने सगळ्यांना 'बघू' म्हणून सांगितलं. मध्यमवर्गाची ही चौथी शक्ती. शक्तींच्या यादीत ती घालायची राहून गेली होती.

त्या शनिवारी खेळात एक गुहा आली. आत, सूत्रधार हळू आवाजात सांगत होती, अंधारात कुठेतरी एक पाळणा आहे, आणि त्यातून रडण्याचा आवाज येतोय, आणि जवळपास कोणीच...

"पडदा," चिमीची आई म्हणाली.

आपण बोललो हे तिला बोलल्यावर कळलं. नवीन खडखडीत फासा मुठीत घट्ट धरून ती वाट बघत राहिली. आता कोणीतरी म्हणेल, अहो खेळच आहे. म्हणेल, काय झालं? म्हणेल, एवढ्याशाने?

"गुहेच्या पलीकडे," सूत्रधार त्याच सुरात म्हणाली, "एक कुरण आहे. ऊन पडलंय. तिथे तुमचे घोडे चरतायत."

"माझा घोडा कुठला?" राक्षसाने विचारलं. "मला झेपेल असा द्या."

झालं. गोष्ट पुढे गेली. कुरणातलं ऊन पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत येऊन पडल्यासारखं वाटलं. तिने मूठ सोडली तेव्हा तळहातावर फाशाचे कोपरे उमटले होते. मग जरा वेळाने तिने कपड्यांच्या डोंगरातलं चिमीचं टोपडं उचलून उगाचच घडी घातली. हे दोन तास आपल्याला सोडवणार नाहीत, हे तिला तेव्हा स्वच्छ कळलं.

आणि नेमकी सोमवारी नोटीस आली.

'आपण निवासी सदनिकेत विनापरवाना क्लास चालवीत असल्याचे कमिटीच्या निदर्शनास आले आहे. सबब येत्या शनिवारी दुपारी क्लासच्या वेळेत समक्ष पाहणी करण्यात येईल. तोपर्यंत क्लास बंद का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा.'

ती खुलासा करायला खाली गेली.

"काका, मी क्लास घेत नाही."

"मग क्लासला जाता?"

"जात नाही. घरातच असते."

काकांनी चष्मा वर केला. "म्हणजे क्लास घेत नाही, क्लासला जात नाही, पण क्लास आहे."

"आहे म्हणजे... माझा आहे. मीच आहे तो. मध्यम."

"माध्यम? मराठी की इंग्रजी?"

"माध्यम नाही हो काका, मध्यम!"

"म्हणजे फार हुशार मुलं घेत नाही," काकांनी समजुतीने नोंद केली. "तरी परवानगी लागतेच."

ती वर आली ती पायऱ्या मोजल्यासारखी सावकाश. दोनच वाटा होत्या. खरं सांगितलं तर कमिटी सुटेल, पण सासूबाईंना कळेल की पैकीच्या पैकी मार्क एका पहारेकऱ्याशी हुज्जत घालून मिळाले होते, आणि दोन तास जातील. नाही सांगितलं तर क्लास बंद, दोन तास जातील. तिने नवऱ्याला विचारलं, "योग्य वेळ आली का रे?"

"यापेक्षा अयोग्य वेळ मी पाहिली नाही," तो कळवळून म्हणाला.

शनिवारी ती फटीत जाऊन बसली. शेवटचं म्हणून बसली. आणि शेवटच्या दिवशी समोर कोण यावं, तर ड्रॅगन.

हरवलेल्या गावाकडे जाणारा एकच पूल, खाली दरी, आणि पुलावर तो वेटोळं घालून पसरलेला. सूत्रधाराने त्याचं वर्णन सुरू केलं आणि ती तोंडाशी आली तेव्हा तिचा आवाज भक्तिभावाने भरून गेला. "वरच्या जबड्यात बावीस दात. सुळे हातभर. मागच्या दाढेत थोडी कीड. मुळापर्यंत गेलेली नाही, पण ठणका असणार." राक्षसाने हल्ला केला, पडला. परीने डोळ्यांत धूळ फेकली, ती परत आली. जादूगाराने टाइप केलं, 'माझे मंत्र संपले. चिमटा?'

"अहो ड्रॅगनभाऊ," चिमटा म्हणाली, आणि बाहेर दाराची घंटा वाजली.

भिंत पातळ होती. सासूबाईंची पावलं, कडीचा आवाज, मग काकांचा.

"चिमीची आई कुठे आहे? पाहणीसाठी आलोय."

"क्लास चालू आहे," सासूबाई म्हणाल्या.

"तेच पाहायचंय. कसला क्लास, किती मुलं, सगळं."

"बोला!" ड्रॅगन गुरगुरला. "का खाऊ नये मी तुम्हाला?"

चिमीची आई बोलली. "खा की. पण आम्हाला खाऊन तुम्हाला एक दिवस मिळणार. त्यापेक्षा पुलाखालची जागा रिकामी पडलीय, सावलीची आहे, तिथं राहा. गावचे लोक जाता-येता काही ना काही देतील. कायमची सोय बघा, भाऊ. शिवाय गावात दाढेवर औषध आहे."

बाहेरून काकांचा दबलेला आवाज आला. "कोणाशी बोलतेय ती?"

"ड्रॅगनशी," सासूबाई म्हणाल्या.

चिमीच्या आईच्या हातातला फासा निसटता निसटता राहिला.

"कोणाशी?"

"ड्रॅगन. पूल अडवून बसलाय मेला. मला दुसऱ्याच शनिवारी कळलं. आधी वाटलं, इतिहासाचा क्लास असेल. मग कोणीतरी उडायला लागलं."

"म्हणजे हा गणिताचा क्लास नाही?"

"मध्यमवर्गाचा आहे."

"त्याचा कसला क्लास, वहिनी? आपण सगळे आहोतच की मध्यमवर्ग."

"आपण नुसते आहोत," सासूबाई म्हणाल्या. "ती त्यातली जादू शिकतेय. आणि आवाज हळू, भाऊजी. ऐन मोक्याला आलंय."

चिमीच्या आईच्या डोळ्यांपुढे बावीस दात धूसर झाले. इकडे ड्रॅगन म्हणत होता, "ठीक आहे. पूल सोडला. माझा शब्द आहे. या, ओलांडा."

राक्षस निघालाच होता, आणि बेडरूमच्या दाराला बाहेरून कोणीतरी थाप मारली.

"लेखी घ्या!" सेक्रेटरी काका ओरडले. "अहो, लेखी घ्या! तोंडी आश्वासनावर पुलावर पाऊल टाकू नका! भोगलंय मी!"

राक्षसाने उचललेला पाय मागे घेतला.

"हा आवाज कोणाचा?" सूत्रधाराने विचारलं.

"आमच्या इमारतीचे सेक्रेटरी," चिमीची आई नाक ओढत म्हणाली.

'ते बरोबर बोलतायत,' जादूगाराने टाइप केलं. 'ड्रॅगनने डोळा मिचकावला होता. मी पाहिलं.'

"लेखी?" ड्रॅगन अस्वस्थ झाला. "इथे कागद कुठून आणणार?"

आता चिमटा उभी राहिली. खरोखरच उभी राहिली. डोकं कपाटाच्या हँडलला आपटलं, तरी राहिली. "माझ्या पिशवीत पिशवी आहे," ती म्हणाली. "तिच्या आतल्या पिशवीत, कोणे एके काळी एका बिलाची मागची बाजू कोरी होती म्हणून मी ते टाकलं नव्हतं. असू दे, लागेल कधीतरी, म्हटलं होतं. पाठकोरा कागद आहे माझ्याकडे!"

"फासा!" सगळे ओरडले. "पंधराच्या वर हवेत!"

तिने खरा फासा टाकला. तो टेबलावर आपटला, उडाला, कपड्यांच्या डोंगरावरून घरंगळला आणि दाराखालच्या फटीतून थेट बाहेर गेला.

तिने झडप घालून दार उघडलं. बाहेर सासूबाई चिमीला कडेवर घेऊन उभ्या, आणि काकांच्या चपलेशी फासा. चिमी सगळ्या शरीरानिशी त्याच्याकडे झेपावत होती.

"कोणी हात लावू नका," काका म्हणाले. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले, चष्मा सावरला आणि नोटीस वाचण्याच्या आवाजात म्हणाले, "वरच्या बाजूस सतरा. मी समक्ष पाहिले."

लॅपटॉपमधून जो गलका उठला त्याने वरच्या मजल्यावरचं शिवणयंत्र थांबलं. ड्रॅगनने पाठकोऱ्या कागदावर नखाची सही केली. काकांनी आत डोकावून विचारलं की साक्षीदार कोण, तेव्हा आजोबा म्हणाले, "मी आहे ना, परी." काकांनी स्क्रीनवरच्या पांढऱ्या मिशांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चालेल."

हरवलेल्या गावात ते पाचच्या सुमाराला पोचले.

दार उघडून ती बाहेर आली तेव्हा काका गेले होते. सासूबाई चिमीला मोजे घालत होत्या.

"आई," ती म्हणाली. "मी सांगणार होते. तो शिकण्याचा क्लास नव्हता. मी नुसती खेळत होते."

"ते कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

सासूबाईंनी दुसरा मोजा शोधला. तो नेहमीप्रमाणे नव्हता. "एक्स्चेंजमध्ये दुपारी चहाच्या सुट्टीत आम्ही मुली खोटे कॉल लावायचो," त्या म्हणाल्या. "एकमेकींनाच. मी संस्थानची राणी व्हायचे. पलीकडची म्हणायची, 'राणीसाहेब, हत्ती सुटलाय.' दहा मिनिटं. मग परत दिवसभर 'नंबर प्लीज.' ती दहा मिनिटं कोणी काढून घेतली असती ना..." त्यांनी चिमीचा उघडा पाय मुठीत धरला. "शिवाय पाच वाजता बाहेर येतेस ती मला आवडते. तिच्या हातून पोर जेवते."

सोमवारी कमिटीचं पत्र आलं. 'पाहणीअंती सदर सदनिकेत कोणताही क्लास आढळून आला नाही. फक्त एक ड्रॅगन आढळला व तोही करार करून निघून गेला. प्रकरण बंद.' खाली सही, शिक्का, आणि पेनाने बारीक अक्षरात : 'कराराची एक प्रत गावच्या दप्तरी ठेवावी असे सुचवावे. पुढील पाहणी येत्या शनिवारी.'

शनिवारी तीन वाजता दार लागलं. बाहेर सासूबाई चिमीला घेऊन बसल्या. काका आपली खुर्ची वर घेऊन आले होते, चौकशी करायला, म्हणजे बसायला. घरातला फोन वाजला. सासूबाईंनी उचलला. कोणीतरी नात्यातलं होतं, चिमीच्या आईशी बोलायचं म्हणत होतं, आत्ताच्या आत्ता, फक्त दोन मिनिटं.

आतून "टाकू नका ती पिशवी, अजून चाळीस वर्षं पुरेल!" असा चिमटाचा आवाज आला आणि पाठोपाठ बाकीच्यांचं हसणं.

सासूबाईंनी पाठ ताठ केली. खूप वर्षांनी त्यांचा जुना, तारेतून जाणारा आवाज घशात आला.

"चिमीची आई सध्या घरात नाही," त्या म्हणाल्या. "पाचला येईल."